काळा डगला आणि परकी भाषा

जळकोटसारख्या बालाघाटच्या माळावरील गावी आमच्या समाजाचा एखादा मुलगा अथवा एखादी मुलगी कायद्याची पदवी घेऊन परत येते, तेव्हा त्या घरी किती आनंद होतो हे आम्ही जाणतो. ज्या घरातील आजोबांनी कोर्टाची पायरी केवळ आरोपी म्हणून अथवा साक्षीदार म्हणून चढली, त्या घराच्या खुंटीवर आज काळा डगला लटकतो आहे. ही क्रांती लहान नव्हे. परंतु आनंदाच्या भरात एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो, आणि तो विचारणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. या डगल्याच्या आतील माणसास वकिलीचे कसब कोणी शिकविले आहे काय? आणि ज्या भाषेत त्याला ते कसब शेवटी दाखवावे लागणार आहे, त्या भाषेशी त्याची ओळख कोणी करून दिली आहे काय?

आमच्या माणसाची फिर्याद किती भाषांतून प्रवास करते, ते प्रथम पाहावे. अन्याय झालेली बाई आपल्या बोलीत बोलते. पोलीस ठाण्यात त्या बोलीची सरकारी मराठी होते. १९९८ साली महाराष्ट्र शासनाने अधिसूचना काढून उच्च न्यायालयाच्या हाताखालील दिवाणी व फौजदारी न्यायालयांची भाषा, काही अपवाद सोडून, मराठी ठरविली. म्हणून उदगीरच्या अथवा लातूरच्या न्यायालयापर्यंत तिची मराठी तिच्या सोबत येते. परंतु त्यापुढे वाट बदलते. राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे, संसदेने वेगळी तरतूद करीपर्यंत, उच्च न्यायालयाची व सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. मराठवाड्यासाठी १९८१ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले. त्याच्या दारात पाऊल टाकताच त्या बाईचे दुःख इंग्रजीत मांडावे लागते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १४-अ प्रमाणे विशेष न्यायालयाच्या निकालावरील अपील उच्च न्यायालयातच जाते. इतकेच नव्हे, तर आरोपीस जामीन देणाऱ्या वा नाकारणाऱ्या आदेशावरील अपीलही तेथेच जाते, आणि त्यासाठी सामान्यतः ९० दिवसांचीच मुदत असते. म्हणजे जो कायदा आमच्या रक्षणासाठी झाला, त्याची शेवटची लढाई आमच्या वकिलास परक्या भाषेत लढावी लागते.

ही अडचण मराठवाड्यास नवी नाही. निजामाच्या राज्यात न्यायालयाचा कारभार उर्दूत चाले. उस्मानिया विद्यापीठात कायदाही उर्दूतून शिकविला जाई. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. उर्दूत शिकलेल्या वकिलांस भर उमेदीत मराठी आणि इंग्रजी कारभाराशी जुळवून घ्यावे लागले. भाषा बदलली म्हणून वकिली बुडाली नाही. ज्यांनी नव्याने अभ्यास केला ते तरले. परकी भाषा ही जन्माने लाभणारी वस्तू नसून अभ्यासाने हस्तगत होणारे हत्यार आहे, हा यातील बोध आहे.

याचा सर्वांत मोठा पुरावा आमच्याच घरात आहे. परमपूज्य बाबासाहेबांची मातृभाषा इंग्रजी नव्हती. १९१६ साली त्यांनी लंडनच्या ग्रेज इन या संस्थेत बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठी नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने मध्येच परतावे लागले. पुन्हा जाऊन १९२२ साली ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ पासून मुंबईस वकिली करू लागले. १९३५ साली ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. कायद्याचे शिक्षण कसे सुधारावे यावर त्यांनी १९३६ साली स्वतंत्र लेख लिहिला, आणि महापरिनिर्वाणाच्या वर्षी, १९५६ साली, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईस सिद्धार्थ विधी महाविद्यालय उघडले. वकील घडवावा लागतो, तो आपोआप होत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

कोणी म्हणेल, भाषेचे एवढे स्तोम कशाला? सत्य आपल्या बाजूस असले म्हणजे पुरे. असे म्हणणाऱ्यांपुढे आम्ही चार प्रकरणे ठेवतो.

पहिले महाडचे. १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, हे आमच्या पोरासोरांस ठाऊक आहे. परंतु त्या तळ्याचा दावा दहा वर्षे चालून १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात संपला, हे थोड्यांस ठाऊक असते. अस्पृश्यांस पाणी न भरू देण्याची अनादि रूढी आहे, असे स्पृश्य वादींचे म्हणणे होते. कायद्याने मान्य होणारी रूढी कशास म्हणावे, ती किती जुनी असावी लागते आणि ती सिद्ध करण्याचा भार कोणावर असतो, या मुद्द्यांवर निकाल ठरला. अनादि रूढी सिद्ध झाली नाही आणि दावा पडला. तळ्याकाठी जे धैर्याने मिळविले, ते न्यायालयात एका शब्दाच्या अर्थावर टिकले.

दुसरे प्रकरण आमच्या धर्मांतराचेच आहे. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात अमुक धर्म 'प्रोफेस' करणारा, असा शब्द आहे. १९६२ च्या निवडणुकीत विदर्भातील राखीव जागेवरून निवडून आलेल्या एका उमेदवाराविरुद्ध, त्याने बौद्ध धर्म स्वीकारला आहे, अशी तक्रार झाली. पंजाबराव विरुद्ध मेश्राम या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६४ साली त्या न्यायालयाने ठरविले की 'प्रोफेस' म्हणजे उघडपणे जाहीर करणे. माणसाने आपला धर्म जाहीर केला असला म्हणजे दीक्षाविधी यथासांग झाला की नाही हे पाहण्याचे कारण नाही. निवडणूक रद्द झाली. त्या आदेशात १९५६ साली शीख धर्माचा समावेश झाला. बौद्ध हा शब्द येण्यास १९९० साल उजाडावे लागले. एका इंग्रजी क्रियापदाने आमच्या एका पिढीचे किती हक्क अडविले, याचा हिशेब प्रत्येक दीक्षित कुटुंबाने मनाशी करावा.

तिसरे अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे. जातिवाचक अपमान 'पब्लिक व्ह्यू' मध्ये, म्हणजे लोकांच्या नजरेच्या टप्प्यात घडला असावा, असे कायदा म्हणतो. आमचे कित्येक अर्जलेखक सवयीने 'सार्वजनिक ठिकाणी' असे लिहून मोकळे होतात. या दोन गोष्टी एक नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंग प्रकरणी २००८ साली सांगितले. जागा खाजगी असली, तरी रस्त्यावरील लोकांस ती दिसत असेल, तर ती लोकांच्या नजरेच्या टप्प्यात आहे. उलट, घराच्या चार भिंतींआड बाहेरचे कोणी नसताना घडलेल्या अपमानास हे कलम लागत नाही, असे हितेश वर्मा प्रकरणी २०२० साली ठरले. म्हणून प्रसंग कोठे घडला, दार उघडे होते काय, रस्ता किती हातांवर होता, ऐकणारे कोण होते, हे पहिल्याच दिवशी विचारून लिहिणारा वकील खटला वाचवितो. 'जातिवाचक शिवीगाळ केली' एवढ्यावर समाधान मानणारा तो घालवितो. शिवी जशीच्या तशी, त्याच शब्दांत लिहावी लागते. ती लिहिण्याची लाज आपणांस नको; लाज ती देणाऱ्यास असावी.

चौथे गायरानाचे, ते मराठवाड्यातील शेकडो बौद्ध कुटुंबांच्या भाकरीशी निगडित आहे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण ठरविले. पुढे २०११ साली जगपालसिंग प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे निर्देश सर्व राज्यांस दिले. तेवढेच ऐकून आमची माणसे हादरली. परंतु त्याच निकालपत्राच्या शेवटी अपवाद सांगितला आहे: शासनाच्या एखाद्या अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांस अथवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांस पट्टा दिला असेल, तर नियमितीकरणास मुभा आहे. ज्याने निकाल मूळ इंग्रजीत शेवटपर्यंत वाचला, त्याच्या हाती ही ढाल लागली. ज्याने वर्तमानपत्रातील मथळ्यावर विश्वास ठेवला, तो रिकाम्या हाताने उभा राहिला. अर्थात नुसती ढाल पुरत नाही. गाव नमुना एक-ई मधील नोंद, पीकपेरा, दंडाची पावती हे कागद त्या अपवादाशी कसे जोडावयाचे, हे दाखविणे हेच वकिलाचे कसब.

या चारही प्रकरणांत फर्डे इंग्रजी बोलण्याचा प्रश्न कोठेही आलेला नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. प्रश्न आला तो नेमके वाचण्याचा, नेमके विचारण्याचा आणि नेमके लिहिण्याचा. आमच्या तरुणांस येथेच फसविले जाते. बाजारातील वर्ग त्यांस उच्चार शिकवितात, भाषण शिकवितात, आणि त्या शिक्षणाने न्यूनगंड मात्र वाढतो. वकिलीचे इंग्रजी हे निराळे प्रकरण आहे. ते वस्तुतः पुष्कळ आटोपशीर आहे. 'शॅल' म्हणजे केलेच पाहिजे आणि 'मे' म्हणजे करता येईल, हा सर्वसाधारण भेद. 'अँड' आणि 'ऑर' यांनी अटी वाढतात की पर्याय वाढतात हा भेद. 'प्रोव्हायडेड दॅट' आले की पुढे परंतुक आहे ही खूण. 'नॉटविथस्टँडिंग' आले की हे कलम इतर तरतुदींवर मात करते ही खूण. अशा शे-दोनशे खुणा पक्क्या झाल्या, म्हणजे कायद्याचे पुस्तक भिववीत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या भाषेकडूनही शिकण्यासारखी आहे. आरोपी जामिनावर बाहेर आला, तरी गावात म्हणतात 'सुटला'. दोषारोप ठेवण्यापूर्वीच न्यायालयाने त्यास मोकळे केले, तरी 'सुटला'. आणि पूर्ण खटला चालून निर्दोष ठरला, तरी 'सुटला'. कायद्यात या तीन निराळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींवरील उपाय निराळे आहेत. जामिनाच्या आदेशालाच अंतिम निकाल समजून कित्येक कुटुंबे खचतात आणि अपिलाची मुदत निघून जाते. म्हणून आमच्या वकिलाने इंग्रजी शिकावेच, परंतु त्या इंग्रजीतील भेद परत मराठीत आणून आपल्या पक्षकारास समजावून सांगण्याची कलाही शिकावी. भाषा संचालनालयाचा 'न्याय व्यवहार कोश' आणि कायद्यांच्या मराठी प्रती यांचा उपयोग यासाठीच आहे. मूळ इंग्रजी कलम आणि त्याचे मराठी शेजारी शेजारी ठेवून वाचावे.

या बाबतीत जग काय करते, तेही पाहू. देशोदेशींच्या व्यापाराचे करार आणि लवाद बहुतांशी इंग्रजीत चालतात, म्हणून जर्मनीचा, ब्राझीलचा अथवा चीनचा वकील तरुणपणी कायद्याच्या इंग्रजीचे खास शिक्षण घेतो. त्यात त्यास कमीपणा वाटत नाही. इंग्लंडात २०२१ पासून सॉलिसिटर होऊ इच्छिणारांसाठी जी नवी परीक्षा सुरू झाली, तिच्या दुसऱ्या भागात सहा व्यावहारिक कौशल्ये तपासली जातात: पक्षकाराची मुलाखत, न्यायालयातील युक्तिवाद, प्रकरणाची छाननी, कायद्याचा शोध, कायदेशीर पत्रलेखन आणि मसुदालेखन. इतर देशांतील वकीलही त्या परीक्षेस बसतात. आमच्या देशातही बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी मसुदालेखन, अभिरूप न्यायालय, व्यावसायिक नीती व तडजोडीचे मार्ग हे व्यावहारिक विषय सक्तीचे केले. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास किमान १२ आठवड्यांची व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास किमान २० आठवड्यांची उमेदवारी सांगितली. आणि मराठीतून शिकणाऱ्यास अथवा उत्तरे लिहिणाऱ्यास इंग्रजीचा पेपर अनिवार्य केला. नियम चांगला आहे. परंतु नियमातील शिक्षण आणि बाकावर बसलेल्या विद्यार्थ्याच्या पदरी पडलेले शिक्षण यांत अंतर राहते. ज्याचा बाप, काका, मामा वकील आहे, तो हे अंतर घरच्या कचेरीत भरून काढतो. आमच्या मुलास ती कचेरी नाही. म्हणून समाजानेच त्याची कचेरी झाले पाहिजे.

आमची सूचना साधी आहे. जळकोटास, उदगीरास, मुखेडास, जेथे पाच-सात विद्यार्थी अथवा नवे वकील आहेत, तेथे पंधरवड्यातून एका रविवारी वंदनेनंतर विहारातच दोन तास बैठक घ्यावी. एकाने पक्षकार होऊन मराठीत आपले गाऱ्हाणे सांगावे. दुसऱ्याने ते मध्ये न तोडता ऐकून मग प्रश्न विचारावेत आणि तारीखवार टिपण करावे. त्या टिपणावरून आधी मराठीत अर्ज लिहावा, नंतर अर्ध्या पानाचा इंग्रजी मसुदा करावा. एका वाक्यात एकच गोष्ट, वाक्य लहान, ज्या शब्दाचा अर्थ स्वतःस सांगता येत नाही तो शब्द वापरावयाचा नाही. त्यानंतर एक निकालपत्र घेऊन चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत: घटना काय होती, वादाचा मुद्दा कोणता, न्यायालयाने ठरविले काय, आणि ओघात केलेली पण निर्णयाचा भाग नसलेली विधाने कोणती. शेवटी दोघांनी समोरासमोर उभे राहून दहा दहा मिनिटे इंग्रजीत युक्तिवाद करावा. चुका होतील, हसणाऱ्यास बाहेर बसवावे. लातूर आणि नांदेड येथील आमच्या ज्येष्ठ वकिलांनी आळीपाळीने या बैठकींस यावे. ज्या समाजाने त्यांस वर उचलले, त्याचे हे ऋण आहे आणि ते दोन तासांत फेडता येण्यासारखे आहे.

मुलींच्या बाबतीत आम्हांस विशेष सांगावयाचे आहे. अत्याचाराच्या कित्येक प्रकरणांत बोलणारी बाई असते, आणि पुरुष वकिलापुढे तिचे अर्धे बोलणे ओठांतच राहते. ज्या घरची मुलगी कायदा शिकली आहे, त्या घराने तिला लग्नानंतरही कचेरीत जाऊ द्यावे. एरवी पदवी भिंतीवर राहील आणि फिर्याद अर्धीच राहील.

काही बंधू विचारतील की उच्च न्यायालयच मराठीत का चालू नये? त्यांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. ३४८ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाप्रमाणे राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने राज्यपालांस उच्च न्यायालयाच्या कामकाजात राज्याची भाषा वापरण्यास परवानगी देता येते. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश व बिहार येथे हिंदीस अशी परवानगी मिळालेली आहे. मराठीसाठी मागणी अवश्य करावी. परंतु त्या खंडानेही निकालांची भाषा आपोआप बदलत नाही, आणि मागणी मान्य होईपर्यंत आमच्या लोकांचे खटले थांबणार नाहीत. दुसरे कोणी म्हणतील की आता यंत्रे भाषांतर करतात. होय, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून यंत्राच्या साह्याने निकालांची भाषांतरे सुरू केली, मराठीतही कित्येक निकाल मिळतात. त्यांचा लाभ घ्यावा. तथापि प्रमाण मानला जातो तो मूळ इंग्रजी निकाल, आणि यंत्राने 'पब्लिक व्ह्यू' चे सार्वजनिक ठिकाण केले, तर ते ओळखणारा माणूस आपल्या बाजूस असावाच लागतो.

कुटुंबांचेही कर्तव्य आहे. नव्या वकिलाकडून पहिल्याच वर्षी मिळकतीची अपेक्षा करू नये. हे झाड उशिरा फळते. घरातील कागद जपावेत. पोलिसांत दिलेल्या फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी आणि सही करण्यापूर्वी वाचून घ्यावी. अनुसूचित जातीच्या व्यक्तीस १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५-अ प्रमाणे आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीचीही सूचना पीडितास मिळाली पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. हा हक्क कागदावर आला आहे. न्यायाधीशांनी विचारले, 'पीडितातर्फे कोण?' तर उत्तर देण्यास आपला माणूस उभा राहिला पाहिजे.

दीक्षा घेताना आपण जुनी गुलामी टाकली. गुलामाची एक खूण अशी की त्याच्याविषयी दुसरेच बोलतात, त्याच्यासमोर बोलतात, आणि ते काय बोलले हे त्यास कळत नाही. खंडपीठाच्या दालनात आजही एखादी जळकोटची बाई मागच्या बाकावर बसून आपल्याच आयुष्याची चर्चा न समजणाऱ्या भाषेत ऐकत असते. तिच्या शेजारी उभे राहून ती भाषा नेमकी बोलणारा, आणि बाहेर आल्यावर तिच्याच बोलीत 'बाई, आज असे असे झाले, आता पुढची तारीख अमुक' असे सांगणारा वकील तिच्याच वस्तीतून यावा. तो येईपर्यंत रविवारचे दोन तास आपण कोणासही देऊ नयेत.